ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात गिटार झणझणू लागली, तर

पावसाळ्यात घेतलेली गिटार दिवाळीपर्यंत नीट वाजते आणि एप्रिल उजाडला की झणझणायला लागते. लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात असो की मुरारच्या फ्लॅटमध्ये, तक्रार तीच. मग कुणीतरी अ‍ॅलन की आणून ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेच्या, आत असलेली आणि तिचा बाक बदलणारी सळई) फिरवतं, कुणी जाड तारा लावतं, कुणी थेट दुकानात नेऊन फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून आणतं. तिन्ही उपाय कधी ना कधी बरोबर ठरतात, पण झणझण कुठून येते हे कळायच्या आधी केले तर बहुधा चुकतात. फ्रेट, नट (खुंट्यांकडची, तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी) आणि सॅडल (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) एकदा घासले की घासलेलं परत येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऐका, मग मोजा, मग जे परत फिरवता येतं ते करा. कानस सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला जे खोटं कारण असतं ते बाजूला काढा

गिटार ट्यूनरवर नेहमीच्या सुरांत लावा. अर्धा-एक सूर खाली लावलेल्या गिटारची तार सैल असते, ती जास्त रुंद हलते आणि फ्रेटला लागते. तो गिटारचा दोष नव्हे. तारा काळ्या पडल्या असतील, किंवा बोटाने खालून चाचपल्यावर फ्रेटच्या जागी खळगे लागत असतील, तर पुढच्या कुठल्याही तपासणीला अर्थ नाही. आधी तारा बदला.

तारांचा नंबर बदललाय का, हेही आठवा. हे कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. १२-५३ चा सेट (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीच्या सुरांत नेकवर सुमारे ७४ किलोचा ताण देतो, १०-४७ चा सुमारे ६०. बोटं दुखतात म्हणून हलका सेट लावला की नेकवरचा १४ किलो ताण एकदम जातो, ट्रस रॉडचा जोर वरचढ होतो, नेक सरळ किंवा उलटी वाकते आणि पहिल्या पाच फ्रेटवर झणझण सुरू होते.

मग हात. बोट फ्रेटच्या लगेच मागे, जवळजवळ त्याला टेकून दाबा. दोन फ्रेटच्या मधोमध किंवा मागच्या फ्रेटजवळ दाबलेली तार चांगल्या गिटारवरही किरकिरते. आणि फक्त जोरात स्ट्रमिंग केल्यावर जाड तारांतून थोडी खरखर येत असेल, एकेक तार वाजवताना नसेल, तर तिच्यामागे लागू नका. ती पूर्ण घालवायची तर तारा इतक्या उंच कराव्या लागतात की बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) धरणं नको होतं.

फ्रेट की सैल वस्तू?

ही परीक्षा आधी करा, कारण निम्मा गोंधळ इथेच मिटतो. झणझण ऐकू आली की तोच सूर दुसऱ्या तारेवर वाजवा. पाचवी तार (सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी) मोकळी वाजवताना खडखडते ना? मग सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबून वाजवा, सूर तोच आहे. तिथेही खडखडली, तर फ्रेटचा संबंध नाही. गिटारवरची किंवा खोलीतली एखादी वस्तू त्या सुराला थरथरते आहे. चौथी मोकळी आणि पाचवीचा पाचवा फ्रेट, तिसरी मोकळी आणि चौथीचा पाचवा फ्रेट, अशा जोड्या करून पाहा. झणझण एकाच तारेवर, एकाच जागी असेल आणि दुसऱ्या जागी तोच सूर स्वच्छ येत असेल, तर कारण नट, फ्रेट किंवा सॅडलमध्ये आहे.

सैल वस्तू शोधायला दोन माणसं लागतात. एकाने तो सूर वाजवत राहायचा, दुसऱ्याने एकेक भाग बोटाने दाबायचा. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. आधी खुंट्या बघा. हेडच्या पुढच्या बाजूने प्रत्येक खुंटीभोवती जो षटकोनी बोल्ट असतो तो सैल होतो. बहुतेक बंद गिअरच्या खुंट्यांना १० मिमीचा स्पॅनर बसतो. बोटाने फिरेल तेवढा फिरवून वर किंचित आवळा, जोर लावला तर हेडचं लाकूड दबतं. मग खुंटीच्या बटणाचे बारीक स्क्रू, खुंटीवरून लोंबणारी तारेची न कापलेली टोकं, ट्रस रॉडचं झाकण, पट्ट्याची गुंडी, पिकगार्डची उचललेली कड, साउंडहोलमधलं लेबल. पिकअप असेल तर बॅटरी, तिची वायर आणि जॅकचा नट. ट्रस रॉड अगदीच सैल असेल तर नेकच्या आत तोही खडखडतो. नेकवर मूठ हलकी आपटून ऐकलं तर कळतं, आणि चावी लागून जेमतेम जोर येईपर्यंत फिरवला की थांबतो.

खोलीही तपासा. लोखंडी कपाट, कूलरची जाळी, भिंतीवरच्या फोटोची काच, सगळं गिटारबरोबर वाजतं. गिटार घेऊन गच्चीवर जा. तिथे आवाज नसेल तर गिटार बरी आहे.

बाहेर काहीच सापडलं नाही तर आतली बत्ती. बत्त्या म्हणजे तबकडीला (बॉडीच्या पुढच्या फळीला) आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या. बोटाच्या सांध्याने तबकडी आणि पाठ इंच-इंच अंतरावर हलकेच ठोका. चिकटलेल्या जागी घट्ट आवाज येतो, सुटलेल्या जागी फटका फाटल्यासारखा. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च आत घालून सुटलेलं टोक बघा. हे काम कारागिराचं: आत गोंद सारून क्लॅम्प लावायचा असतो. घरी फेविक्विक ओतू नका. तो गोंद फटीत बसला की नंतर लाकूडगोंद धरत नाही.

मोजायला काय लागतं

अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून ठेवणारा चिमटा), टॉर्च आणि फीलर गेज. बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक जी पातळ पात्यांची जुडी वापरतात तीच ही, आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तोवर ८० जीएसएमचा ए-फोर कागद चालेल. एक कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, घडी घातली की ०.२.

सगळी मापं गिटार सुरात असताना आणि वाजवतो तशा पवित्र्यात, मांडीवर, घ्यायची. टेबलावर उताणी ठेवली की नेकचं वजन माप बदलतं.

नेकचा बाक आधी. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा, सहावी तार जिथे नेक बॉडीला मिळते त्या चौदाव्या फ्रेटवर बोटाने दाबा. आता तार हीच सरळ रेषा. सहाव्या-सातव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची कड यांत फट ०.१५ ते ०.२५ मिमी हवी, म्हणजे कागदाची एक घडी जेमतेम जावी. फट अजिबात नसेल, तार फ्रेटवर पडली असेल, तर नेक सपाट किंवा उलटी वाकलेली आहे. तार मध्यभागी सगळ्यात रुंद हलते, म्हणून नेकला एवढा पुढचा बाक लागतोच.

नंतर बाराव्या फ्रेटवर, कॅपो काढून, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. सहाव्या तारेला २.४ ते २.८ मिमी, पहिलीला १.८ ते २.२ मिमी, या मर्यादेत बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटार झणझणत नाहीत.

शेवटी नट. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने तिला टिचकी द्या. अगदी बारीक ‘टिक’ ऐकू यायला हवी. टिक नसेल, तर तार पहिल्या फ्रेटवर पडूनच आहे आणि नटची खाच खोल झाली आहे.

तीनही मापं तारखेसह लिहून ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहेत.

झणझणीची जागा आणि कारण

मोकळी तार झणझणते, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की थांबते: खाच खोल. खात्रीसाठी कागदाची बारीक पट्टी खाचेत ठेवून तार वर बसवा. झणझण गेली तर निदान पक्कं. कामचलाऊ दुरुस्ती अशी: नटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, खाचेत खायचा सोडा चिमूटभर भरा, त्यावर फेविक्विकचा एक थेंब. लगेच दगडासारखं होतं. मग तारेच्या जाडीइतकीच खाच बारीक कानशीने उघडा, तारेच्या व्यासाच्या निम्म्या खोलीपर्यंत. हे वर्षभर टिकतं, जाड तारांखाली त्याहून कमी. हाडाचा नवा नट बसवणं हा कायमचा उपाय.

पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत बहुतेक सगळ्या तारा झणझणतात, वर स्वच्छ आहेत: नेक सपाट झाली. कधी कधी आवाज बोटाच्या मागच्या बाजूने, नटकडच्या तुकड्यातून येतो, तेही उलट्या वाकलेल्या नेकचंच लक्षण. इथे ट्रस रॉड कामाला येतो. चावी साउंडहोलमधून किंवा हेडवरच्या झाकणाखाली लागते, बहुधा ४ किंवा ५ मिमीची. सैल बसणारी चावी कोपरे खाऊन टाकते, म्हणून नेमकी मिळेपर्यंत थांबा. घड्याळाच्या उलट दिशेने एक-अष्टमांश फेरा द्या, परत सुरात लावा, परत मोजा. एका बैठकीत पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, लाकूड सावकाश हलतं. रॉड फिरत नसेल तर तिथेच सोडा. तारांची उंची कमी-जास्त करायला ट्रस रॉड वापरायचा नाही. तो फक्त बाकासाठी आहे. नायलॉनच्या तारांच्या बहुतेक गिटारना तो नसतोच.

दहाव्या फ्रेटच्या वर सगळीकडे झणझण, बाक बरोबर, बाराव्यावरची उंची कमी: सॅडल खाली गेलंय. कसं गेलं ते पुढे सांगतो, कारण ग्वाल्हेरमध्ये मुख्य मुद्दा तोच आहे.

एकाच तारेवर एक किंवा दोन फ्रेट: दोषी फ्रेट दाबलेल्याच्या पुढचा, बॉडीच्या बाजूचा असतो. सरळ कड तीनच फ्रेटवर टेकेल अशी ठेवा आणि डोलते का बघा. पहिल्या काही फ्रेटवर एटीएम कार्डाची लांब बाजू चालते, सातव्याच्या पुढे आखूड बाजू, बाराव्यानंतर पट्टीचा छोटा तुकडा. डोलली तर मधला फ्रेट उंच. त्याचं टोक अंगठ्याने दाबून तार वाजवा. आवाज गेला तर फ्रेट खाचेतून उचललाय, तो प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बसवता येतो. दाबूनही फरक पडत नसेल, किंवा तारेखाली फ्रेटला खळगे पडले असतील, तर सगळे फ्रेट एकसारखे करून परत गोल करावे लागतात. ते सरावलेल्या हाताचं काम आहे; एकच फ्रेट घरी घासला की झणझण पुढच्या फ्रेटवर सरकते.

आणि एक वेगळाच आवाज असतो: लांबट, सतारीसारखा, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या मोकळ्या तारेवर. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तार तिच्या उतरत्या पृष्ठभागावर घासत राहते आणि सूत सरकवून तीच जवारी उघडली जाते. गिटारमध्ये नेमकं तेच नको असतं. तार नटच्या फ्रेटकडच्या कडेवरून आणि सॅडलच्या माथ्यावरच्या एका रेषेवरून सुटली पाहिजे. खाच फ्रेटकडे उतरती घासली गेली, किंवा सॅडलचा माथा झिजून सपाट झाला, की तिथे अनाहूत जवारी तयार होते. वाद्यांच्या या शहरात जवारी काढणारे उत्तम हात आहेत, आणि गिटारचा नट त्यांच्याकडे दिला तर एवढं स्पष्ट सांगा: खाचेचा उतार हेडकडे हवा, वरची कड फ्रेटच्या बाजूला. त्या तारा खुंटीवर वर-वर गुंडाळल्या असतील तरी नटवर दाब कमी पडून हाच आवाज येतो. दोन-तीन वेढे, प्रत्येक आधीच्या खाली.

मे महिन्याची झणझण

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ग्वाल्हेरमध्ये मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, लू वाहते, हवा कोरडी ठाक असते. तबकडी आकसते, तिचा नैसर्गिक फुगवटा बसतो, त्यावरचा ब्रिज (सॅडल ज्यात बसतं तो लाकडी ठोकळा) आणि सॅडल खाली उतरतात, तारा फ्रेटजवळ येतात. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं: तबकडी फुगते, तारा उंच होतात. सलग लाकडाच्या तबकडीत हा फरक जास्त, प्लायच्या तबकडीत कमी.

ओळखायची खूण सोपी आहे. ब्रिजच्या मागे, बॉडीच्या रुंदीत, स्टीलची पट्टी उभी धरा. निरोगी तबकडीवर ती मध्यभागी टेकून किंचित डोलते. पट्टी सपाट बसली किंवा मधे उजेड दिसला, तर तबकडी खाली बसली आहे. फ्रेटची टोकं नेकच्या कडेला टोचत असतील तर पुरावा दुहेरी: फिंगरबोर्डही रुंदीत आकसलाय.

या अवस्थेत काहीही घासू नका, ट्रस रॉडही फिरवू नका. आधी ओल द्या. भोकांच्या साबणदाणीत स्पंजचा तुकडा, भिजवून पूर्ण पिळलेला, थेंबही गळणार नाही असा. एक हेडजवळ, एक बॉडीच्या बाजूला, गिटार केसमध्ये बंद. आत डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. त्याचं माप बरोबर आहे का हे घरी तपासता येतं: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात मिठाचा चिखल होईल एवढंच पाणी, हे आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. कमी-जास्त असेल तर तो फरक लक्षात ठेवा. गिटार पूर्ववत व्हायला चार-पाच दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यानंतरच परत मोजा. मेमधल्या बऱ्याच झणझणी इथेच संपतात.

कूलरसमोर गिटार ठेवणं हा उपाय नव्हे. दिवसभर ओला झोत आणि रात्री बंद झाल्यावर कोरडी हवा, असा रोजचा हेलकावा तबकडीला तडा देतो. एसीची खोलीही हवा कोरडी करते. दोन्हीकडे केस बंद हवी.

खरी हानी होते ती पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये तारा उंच वाटतात, म्हणून सॅडल खालून घासून घेतलं जातं, छान मऊ होतं, आणि पुढच्या मेमध्ये गिटार वाजेनाशी होते. तेव्हा सॅडलचं माप कधीही एका ऋतूवर ठरवू नका. हिशेब असा: बाराव्या फ्रेटवर जेवढा फरक हवा त्याच्या दुप्पट सॅडलमध्ये करावा लागतो. बाराव्यावर ०.५ मिमी उंच हवं असेल तर सॅडल १ मिमी वर. सॅडल आधीच जास्त घासलं गेलं असेल तर त्याच्या खाली खाचेच्याच रुंदीची, बहुधा ३ मिमीची, कठीण लाकडाची पातळ पट्टी ठेवा, टोकापासून टोकापर्यंत सलग. सॅडलखाली पिकअप असेल तर पट्टी वाकडी बसल्यास तारांचे आवाज कमी-जास्त येतात. तिथे नवं सॅडलच बरं.

सलग तबकडीची गिटार असेल तर सरळ दोन सॅडल करून घ्या. हाडाचं एक, मेमध्ये मोजून, उंच. दुसरं ऑगस्टमध्ये मोजून, थोडं कमी. खालच्या बाजूला पेन्सिलने महिना लिहा. बदलताना तारा खुंट्यांवरून काढायची गरज नाही: तारा सैल करा, ब्रिजच्या पिना काढा, सॅडल उचला, दुसरं बसवा. पिना परत घालताना तारेच्या टोकाचा मणी पिनेच्या टोकावर अडकू देऊ नका. पिनेची खाच साउंडहोलकडे ठेवून, पिन दाबत तार वर ओढा, मणी आतल्या पट्टीला टेकला की ‘टक’ लागतो. मणी टेकला नसेल तर तीच तार खडखडते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.